गोड शेवटाचा हक्क

डिसेंबर जवळ आला की इंग्रजी वाचणाऱ्या जगात एका ठरावीक धाटणीच्या कादंबऱ्यांचा हंगाम सुरू होतो. छोटेसे गाव, दारात साचलेला बर्फ, डबघाईला आलेली बेकरी, शहरात पोळून निघालेली नायिका आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत जुळणारे प्रेम. अमेरिकेतल्या हॉलमार्क वाहिनीने २००९पासून याच मसाल्यावर दरवर्षी नाताळच्या चित्रपटांची रांग लावली आहे. आपल्याकडेही मोबाईलवर इंग्रजी वाचणाऱ्या मुलींना ही पुस्तके आता नवी नाहीत. जाणकार मंडळी मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. डोके बाजूला ठेवून वाचायचा ऐवज, पलायनवाद, वेळ घालवायला बरा, एवढ्यावर निकाल लागतो.

हा निकाल उथळ आहे. या कादंबऱ्यांतला दिलासा प्रेमापेक्षा गावातून येतो, आणि शेवट गोड होणार याची हमी असल्यामुळेच वाचक दुःखाकडे डोळे उघडे ठेवून पाहू शकतो. मराठीपुरता हा प्रश्न आणखी टोकदार होतो. आपल्या कादंबरीने शहराला प्रेम दिले आणि गावाला दुःख दिले. नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्यासारख्या गावात राहणाऱ्या वाचकाला आपल्याच गावात सुखाने संपणारी गोष्ट जवळपास मिळालीच नाही. ही उणीव किरकोळ मानून चालणार नाही.

१. या पुस्तकांत दुःख नसते का?

रॉबिन कार या लेखिकेची ‘व्हर्जिन रिव्हर’ मालिका २००७मध्ये सुरू झाली आणि पुढे नेटफ्लिक्समुळे जगभर पोचली. पहिल्याच कादंबरीची नायिका परिचारिका आहे आणि दरोड्यात नवऱ्याचा खून झाल्यावर ती डोंगरातल्या आडगावी नोकरी धरते. याच मालिकेतली नाताळची कादंबरी २००८ची. तिची नायिका इराक युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाची विधवा आहे. नवरा काही वर्षे शुद्धीविना पडून होता आणि मग गेला. रणांगणातून त्याला बाहेर काढणारा सोबती त्यानंतर जगापासून तुटून जंगलात एकटा राहू लागला आहे. ही बाई त्याला शोधत डोंगरात येते. तिला हवा असतो नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांचा साक्षीदार, आणि त्याला तर तेच दिवस विसरायचे असतात.

खून, वैधव्य, युद्ध, मनावरचे न भरलेले घाव. दुःख टाळायचे असते तर हा मजकूर कशाला निवडला असता? या धाटणीचा मूळपुरुष मानावा असा चार्ल्स डिकन्स यानेही तेच केले होते. ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी निघाले आणि सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली. त्या पुस्तकात तुटपुंज्या पगारावर राबणारा कारकून आहे, त्याचे आजारी पोर आहे, आणि ते पोर मरू शकते ही शक्यता वाचकाला स्पष्ट दाखवलेली आहे.

२. शेवट ठाऊक असतो तेव्हा

जॅनिस रॅडवे यांचा ‘रीडिंग द रोमान्स’ हा अभ्यास १९८४चा. अमेरिकेतल्या एका गावात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून त्यांनी तो लिहिला. त्यातल्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, घरातल्या सगळ्यांचे करून झाल्यावर मिळालेला हा वेळ फक्त आपला, असे त्या बायका मानत. हातात पुस्तक आहे म्हणजे आता कोणी हाक मारू नये. दुसरी अशी की, काहीजणी शेवटचे पान आधी वाचून मगच पुस्तक हाती घेत. उत्कंठा ही वाचनाची एकमेव प्रेरणा असती तर हे वागणे वेडेपणाचे ठरले असते. पण शेवटाची खात्री झाली की मन मोकळे होते आणि मधला त्रास सावकाश, बारकाईने वाचता येतो.

मराठी बाईला हे कोणी शिकवायला नको. श्रावणातल्या कहाण्या याच तत्त्वावर चालतात. ठरलेला वार, ठरलेली गोष्ट, ऐकणारीला पाठ असलेला शेवट. शुक्रवारची कहाणी घ्या. गरीब बहीण पोराबाळांना घेऊन भावाच्या घरच्या जेवणाला जाते आणि भाऊ तिला पंगतीतून उठवतो. पुढे तिचे दिवस पालटतात, तोच भाऊ मानाने बोलावणे धाडतो, आणि ती पाटावर बसून अंगावरचा एकेक दागिना काढून त्यावर घास ठेवू लागते. भाऊ समजायचे ते समजतो. माहेरी झालेल्या अपमानाचे इतके नेमके चित्र मराठी गद्यात फार थोड्या ठिकाणी सापडेल. ऐकणाऱ्या बायकांपैकी कित्येकींनी ते स्वतः भोगलेले असते. शेवट सुफळ होणार हे माहीत असते म्हणूनच त्या पंगतीतून उठवले जाण्याचा प्रसंग मान खाली न घालता ऐकू शकतात.

कीर्तनातले आख्यानही असेच. दमयंतीला नळ परत मिळणार हे अख्ख्या देवळाला ठाऊक असते, तरी वनातला प्रसंग आला की पदर डोळ्यांना लागतो. ‘शेवट आधीच कळतो म्हणजे साहित्य हलके’ हा निकष आपल्याच परंपरेला लावला तर निम्मी परंपरा बाद करावी लागेल.

३. नायक कोण?

या कादंबऱ्यांतले प्रेमिक बहुधा लक्षात राहत नाहीत. गाव राहते. डेबी मॅकोम्बर यांचे ‘सीडर कोव्ह’ हे त्यांच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट ऑर्चर्ड गावावर बेतलेले. मालिकेत जोडपी येतात-जातात, पण न्यायाधीश बाई, वाचनालय सांभाळणारी बाई, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक ही माणसे कायम राहतात. वाचक परत परत त्यांच्याकडे जातो. नायिकेला नायक मिळतो त्याच्या कितीतरी आधी तिला गाव मिळालेले असते. कोणीतरी तिचे नाव लक्षात ठेवते, चार दिवस दिसली नाही तर चौकशी करते, तिच्या हातचे काम विकत घेते. लग्न म्हणजे या ओळखीवर पडलेला शिक्का.

माणसाला ओळखणारे लोक हवे असतात, ही गरज प्रेमाइतकीच जुनी आहे आणि आजच्या दिवसात प्रेमाहून दुर्मीळ आहे. त्या गरजेवर लिहिलेल्या साहित्याला पलायन म्हणणे म्हणजे भूक लागल्यावर जेवणाऱ्याला पळपुटा म्हणण्यासारखे आहे.

४. नगर जिल्ह्याचा नाताळ

बर्फ आणि सूचिपर्णी झाडे वगळली तर गावाकडचा नाताळ आपल्याला परका नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१मध्ये आले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२मध्ये नगरलाच सुरू झाले. राहुरी, नेवासे, श्रीरामपूर या भागांत मराठी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात; त्यांतली बहुसंख्य गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतून आलेली. त्यांच्या दारावर कागदी तारा लागतो आणि ताटात केकबरोबर करंजी-चकली असते. मराठी चालींवरची भजने म्हणत मंडळी घरोघर जातात. मॉलमधल्या रोषणाईच्या कितीतरी आधीपासून नाताळ हा या जिल्ह्यातल्या खेड्यांचा सण आहे.

आणि या मातीत एक प्रेमकथाही घडली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. मग त्या नवऱ्याकडे आल्या, पण धर्म न सोडता. सुरुवातीला त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. हे सोवळे कोणी हुकूम करून सुटले नाही, रोजच्या राहण्यातून एकेक गाठ उकलत गेली. नगर आणि राहुरीच्या त्या घरात अनाथ मुले वाढली, बालकवी राहून गेले, पैसा आला तसा टिळकांच्या हातून वाटलाही गेला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नाही. तरी मराठी वाचक नव्वद वर्षे त्याच्याकडे वळतो तो कशासाठी? धर्मांतराच्या इतिहासासाठी थोडेच वाचक येतात. दुभंगलेले घर पुन्हा सांधले जाते, आणि ते लहान गावात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, भांडणातून आणि हसण्यातून सांधले जाते, हे पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते म्हणून. सांगणारी बाई त्या ताटातुटीतून पार पडली आहे हे पहिल्या पानापासून कळते, म्हणून ताटातुटीची पाने सोसतात.

५. सणाचे वाचन आपलेच

सण आणि वाचन यांची सांगड मराठी माणसाला समजावून सांगायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा विलायती नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना समोर होता. म्हणजे फराळाबरोबर अंक हाती घेणारा प्रत्येक मराठी वाचक या परंपरेचा चुलत वारसदार आहे.

या अंकांतल्या प्रेमकथांकडे समाजाने किती संशयाने पाहिले याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरी ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. न्यायालयाने निकाल दिला. समीक्षेने मात्र या प्रकारच्या लेखनाचे प्रकरण कधी नीट चालवलेच नाही. काकोडकर, बाबा कदम, कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर यांच्या पुस्तकांची पाने वाचनालयांत बोटे लागून मऊ पडली, पण त्यांच्या वाचकांना त्या पानांतून काय मिळत होते हे विचारायला फारसे कोणी गेले नाही.

६. गावाच्या वाट्याला काय आले

मराठीतली लोकप्रिय प्रेमकथा बहुतांशी पुण्या-मुंबईची. ना. सी. फडक्यांच्या नायक-नायिकांपासून सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’तल्या कट्ट्यापर्यंत प्रेमाला लागणारी मोकळीक शहरातच मिळते. गावाचे खाते वेगळे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दुष्काळात ओस पडते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक दारिद्र्याशी झुंजत संपते. रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’त एक कुटुंब उधळून जाते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ शेतीच्या कोंडीची. या कादंबऱ्या थोर आहेत, आणि शहरी वाचक जे ऐकायला तयार नव्हता ते त्यांनी ऐकवले. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदारांनी गावाला हसू दिले, तेही मोलाचे. पण एकत्र पाहिले तर गावात एक तर रडायचे किंवा हसायचे. घर मांडून समाधानाने राहायचे असेल तर एसटी धरायची.

दूरचित्रवाणीने ही रिकामी जागा ओळखली. २०१६ची ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडच्या गावातली, पुढच्या वर्षीची ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडची. पैलवान आणि शिक्षिका, फौजेत जाऊ पाहणारा पोरगा आणि गावातलीच पोरगी. महाराष्ट्राने रात्रीची जेवणे या मालिकांसमोर केली. मालिकेचा मोठा दोष असा की ती लांबत जाते, आणि लांबण्यासाठी तिला रोज एक कपटी माणूस लागतो. म्हणून गावातले सुख तिथे कधी संपूर्ण होत नाही. संपण्याचे बळ पुस्तकाकडेच असते.

७. सर्वांत कठीण आक्षेप

पुस्तके एका साच्याची असतात, हा आक्षेप फार वेळ घेण्यासारखा नाही. अभंगालाही साचा आहे, लावणीलाही आहे. साच्यात कोण काय भरतो ते पाहावे. बाईच्या आयुष्याचे सार्थक लग्नातच, असे ही पुस्तके ठसवतात, या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. अलीकडच्या लेखिकांनी नायिकेच्या धंद्याला आणि मैत्रिणींना जास्त पाने दिली आहेत, तरी शेवटी वरमाला येतेच.

पण खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो याच नगर जिल्ह्यातून येतो. जानेवारी २०१३मध्ये नेवासे तालुक्यातल्या सोनईत मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली; कारण होते आंतरजातीय प्रेमाचे. पाच वर्षांनी नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. एप्रिल २०१४मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकण्यात आले, आणि २०१७मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. शेजारच्या करमाळ्यात नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ चित्रित केला, त्याचा शेवट महाराष्ट्र विसरलेला नाही. ज्या मुलखात प्रेमाची किंमत जीव देऊन मोजावी लागते तिथे उबदार गावाच्या गोड गोष्टी लिहिणे म्हणजे रक्तावर रांगोळी काढणे होय, असे कोणी म्हटले तर ते गंभीरपणे ऐकले पाहिजे. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, हीच या कादंबऱ्यांची ऊब. आणि गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणूनच पळून गेलेले जोडपे सापडते.

याला उत्तर मराठी कादंबरीच्या जन्मातच आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्याच्या पुढच्याच वर्षीची, १८५७ची. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, वाटेत विधवांच्या हालांच्या कहाण्या ऐकते, मग तिच्यावरच वैधव्य येते, आणि कादंबरी तिच्या पुनर्विवाहापर्यंत जाते. ते लग्न तेव्हा भोवतालच्या समाजात जवळपास अशक्य होते. लेखकाने ते कागदावर लावून दाखवले. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये दुसरी यमू आली, तिच्या वाट्याला केशवपन आणि मृत्यू आला. कलाकृती म्हणून हरिभाऊंची कादंबरी कितीतरी श्रेष्ठ, यात वाद नाही. पण हरिभाऊंच्या यमूने समाजाला अपराधाची जाणीव दिली, तर पदमनजींच्या यमुनेने काय शक्य आहे ते सांगितले. दोन्ही कामे लागतात. मराठी समीक्षेने पहिले काम मोठे मानले आणि दुसरे प्रचारकी म्हणून बाजूला सारले.

ज्या समाजात सुखी शेवट सहज मिळतो तिथे तो कादंबरीत रोज मिळाला तर फार बिघडत नाही, फार साधतही नाही. जिथे तो नाकारला जातो तिथे तो लिहिणे ही मागणी असते. नगर जिल्ह्यातल्या आंतरजातीय जोडप्याची गोष्ट गावातच, म्हातारपणापर्यंत, नातवंडांसह नेणारी कादंबरी कोणी लिहिली तर तिला गुळमट म्हणण्याची हिंमत कोण करील? अट एकच. त्या पुस्तकातल्या गावात जात असली पाहिजे. तिच्याकडे डोळेझाक करून लिहिलेली ऊब खोटी, आणि तिथे आक्षेप घेणारे बरोबर ठरतात.

८. सुप्यात घडणारी गोष्ट

सुपा पारनेर तालुक्यातले, सेनापती बापटांच्या मुलखातले. आसपासचा पट्टा पर्जन्यछायेतला, जवळच पाणलोटाच्या कामाने नाव मिळवलेले राळेगणसिद्धी. डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या, खाली एमआयडीसी, त्यात जपानी उद्योगांसाठी आखलेला विभाग. अमेरिकी कादंबरीत शहरातला बिल्डर जमीन घ्यायला येतो आणि गाव त्याला परतवते. इथे जमिनी केव्हाच गेल्या, कोणाच्या पैशातून घर उभे राहिले, कोणाचा पैसा संपला, आणि त्याच कारखान्यात आता पोरे कामाला आहेत. म्हणजे तो साचा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. परतून येणाऱ्या नायिकेपेक्षा इथे नव्याने येणारी माणसे जास्त. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली. आयटीआय झालेला मुलगा तिघांत एक खोली घेऊन राहतो, सुट्टीच्या दिवशी मेस बंद म्हणून वडापाववर भागवतो, कंत्राट वाढणार की नाही याची धास्ती बाळगतो. कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या मुलीवर घरमालकिणीची नजर असते, आणि तीच घरमालकीण ताप आला तर भाताची पेजही करून देते.

या माणसाला ओळखणारे गाव हवे आहे. त्याची आणि तिची जात वेगळी असेल, भाषाही वेगळी असेल. गाव त्यांना सामावून घेते का, कोण आडवे येते, कोण पाठीशी उभे राहते, रहिवासी दाखल्यावर सही कोण देते, लग्नाला कोण येते: एका कादंबरीचा ऐवज इथे तयार पडला आहे. तिचा शेवट दिवाळीत होईल, नाताळात होईल किंवा गावच्या जत्रेत. गोड शेवट सांभाळताना लेखकाला या गावाचे सगळे अवघडपण पेलावे लागेल, आणि शोकांतिका लिहिण्याइतकेच हे काम कसाचे आहे.

पारनेर, शेवगाव, जामखेड, श्रीगोंदे इथे लिहिणारी मुले-मुली आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांना वाटते की गावाचे दुःख मांडले तरच आपल्याला लेखक म्हणतील. त्यांनी हा धाक झुगारून द्यावा. दिवाळी अंकांच्या संपादकांनी पुढच्या वर्षीची पाने ठरवताना अशा एका दीर्घकथेला जागा राखून ठेवावी, आणि ती मागवताना पुण्या-मुंबईच्या पत्त्यांच्या पलीकडे पाहावे.